पुढच्या ॲक्सलची तेलगळती : सील बदलण्याआधी कारण शोधा



ऊस विकास विभागाने ट्रॅक्टरच्या सीलवर कशाला लिहावे, असे काहींना वाटेल. पण तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला यावा, असे आम्ही वारंवार सांगतो. भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर वाटेत बसला, तर ऊस वाळतो, वजन घटते आणि साखरेचा उताराही कमी होतो. नुकसान सभासदाचे आणि पर्यायाने कारखान्याचेही. म्हणून हा लेखनप्रपंच.

फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची पुढची चाके नुसती वळत नाहीत, ती ओढतातही. त्यासाठी पुढच्या ॲक्सलमध्ये गिअर, बेअरिंग आणि तेल असते. हे तेल आत आणि चिखल-पाणी बाहेर ठेवण्याचे काम रबरी ऑइल सील करते. लिव्हर काढून ट्रॅक्टर रस्त्याने चालवला, तरी बहुतेक ट्रॅक्टरांत पुढच्या चाकांबरोबर आतले गिअर फिरतच राहतात. तेव्हा 'फोर व्हील लावतच नाही, मग गळलं तर काय बिघडलं?' हा समज चुकीचा आहे.

गळती कोठून आहे?

मातीने माखलेल्या ॲक्सलवर काहीच समजत नाही. तो आधी धुवून, कोरडा पुसून घ्यावा. अर्धा दिवस काम करून मग बघावे.

१) रिमच्या आतल्या बाजूस तेलाचे ओघळ दिसले, तर हबचे सील गेले असे समजावे.
२) चाक वळते त्या सांध्यावर ओल दिसली, तर त्या सांध्याचे सील बघावे.
३) मधल्या डिफरन्शियलमध्ये शाफ्ट शिरतो तिथे तेल दिसले, तर पिनियनचे सील तपासावे.

नंतर थोडे तेल काढून पाहावे. ते ताकासारखे पांढरट असेल, तर आत पाणी शिरले आहे. तेलात लोखंडाचे तुकडे आढळल्यास ट्रॅक्टर पुढे न चालवता मिस्त्रीला दाखवावा.

सील का गेले?

हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. नवे सील बसते, महिन्याभरात पुन्हा गळते आणि दोष दुकानदाराला जातो. आम्ही सुचवितो की पुढील चार गोष्टी आधी पाहाव्यात.

ब्रीदर : ॲक्सल तापला की आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर ती हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. नुसता ब्रीदर साफ करूनही काही वेळा गळती थांबते.

तेलाची पातळी : जादा तेल भरल्यानेही गळती होते.

बेअरिंग : चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. ते खडखडले, तर बेअरिंग किंवा वळणाचा सांधा झिजला आहे. तो दुरुस्त न करता घातलेले सील टिकत नाही.

गुंडाळलेला कचरा : पाचट, सुतळी, ठिबकची नळी हबमागे अडकते आणि सील कापते.

बदलताना

ट्रॅक्टर सपाट, कठीण जागी उभा करावा, हँडब्रेक ओढावा व मागच्या चाकांना पुढे-मागे दगड लावावेत. नुसत्या जॅकवर विसंबू नये. ॲक्सलखाली मजबूत ठोकळे द्यावेत. तेल काढून मग चाक व हब खोलावे. शिम ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवावेत.

जुने सील काढताना घराला ओरखडा पडू देऊ नये. सीलची कड जिथे घासते तिथे नख फिरवावे. नख अडकले, तर चर पडला आहे. तो भाग बदलावा किंवा त्यावर स्लीव्ह बसवावी. नवे सील जुन्याशी क्रमांक व मापाने ताडून घ्यावे. साध्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी. कडेला ग्रीस लावावे, शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी आणि सील सर्व बाजूंनी सारखे ठोकत बसवावे. एका बाजूने हाणले की ते तिरपे बसते. काही ट्रॅक्टरांत दोन भागांचे जोडसील येते. ते सुटे करू नये.

तेल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रतीचेच, लेव्हलच्या बोल्टपर्यंत भरावे. दुसऱ्या दिवशी पातळी व बोल्ट पुन्हा तपासावेत.

एरवी डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढून ठेवावे, म्हणजे गिअर व टायरवर नाहक ताण येत नाही. धुताना पाण्याचा जोरदार फवारा सीलवर मारू नये.

सील स्वस्त असते, गिअर महाग असतात आणि फडात वाळणारा ऊस त्याहून महाग पडतो. तरी सभासदांनी गाळप सुरू होण्यापूर्वीच आपापल्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल धुवून, तपासून घ्यावा, ही विनंती.