निनावी वाटसरूंची पाणपोई

आषाढी वारीसाठी आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी चऱ्होलीच्या थोरल्या पादुकांपाशी विसावते. त्या वाटेवर पाण्याचा पेला पुढे करणारा माणूस वारकऱ्याला नाव-गाव विचारीत नाही. इंटरनेटवरही अशी एक पाणपोई आहे. जगभरातील हजारो स्वयंसेवक आपापल्या खर्चाने तिचे सर्व्हर चालवितात. त्या जाळ्याचे नाव टॉर.

त्यामागची कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. २००२ मध्ये टॉर सर्वांसाठी खुले झाले आणि २००६ पासून एक ना-नफा संस्था त्याची देखभाल करते. निरोप लखोट्यात लखोटा, त्यात आणखी एक लखोटा असा बंद होऊन तीन मुक्कामांतून जातो. पहिल्या मुक्कामाला पाठविणारा ठाऊक, पण ठिकाण ठाऊक नाही. शेवटच्याला ठिकाण दिसते, निरोप कोणाचा ते कळत नाही. मधल्याला दोन्ही अज्ञात. पत्रकारांना, छळातून निसटलेल्या स्त्रियांना या वाटेचा आधार वाटतो. चोरही तीच वाट धरतात, हे लपविण्यात अर्थ नाही.

म्हणूनच घरातील एखादा संगणक-अभियंता मुलगा 'आपल्या ब्रॉडबँडवर एक रिले चालवू या' म्हणाला, तर वडिलांनी आधी विचारावे : कोणता मुक्काम? शेवटच्या मुक्कामावरून जे बाहेर पडते, ते त्या घराच्या पत्त्यावरून निघाल्यासारखे दिसते. मॉस्कोतील एका गणित-अध्यापकाला २०१७ मध्ये याच कारणाने अटक झाली. पुढच्या वर्षी आरोप मागे घेतले गेले, पण मधले महिने कोठडीत आणि नजरकैदेत गेले. असा रिले घरून चालवू नये, असे टॉर संस्थाच सांगते.

मधला रिले त्यामानाने निर्धोक. त्याला दोन्ही दिशांनी किमान १० मेगाबिटचा वेग आणि महिन्याला निदान १०० जीबीची मुभा लागते. पण सर्व रिलेंचे पत्ते जाहीर यादीत असतात आणि काही संकेतस्थळे त्या यादीतील प्रत्येकाला दार बंद करतात. ज्या जोडणीवरून पेढीचे जीएसटी विवरण आणि बँकेचे व्यवहार होतात, तिच्यावर हा प्रयोग करणे शहाणपणाचे नाही.

भाड्याच्या सर्व्हरवर रिले ठेवला तर हे गुप्तदान राहत नाही. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सर्व्हर देणाऱ्या कंपनीला ग्राहकाचे पडताळलेले नाव-पत्ते किमान ५ वर्षे जपावे लागतात.

सर्वांत हलकी सेवा 'स्नोफ्लेक' ही. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये टॉर अडविल्यावर तेथील लोकांना तिचा मोठा उपयोग झाला. ब्राउझरला एक छोटे विस्तारक जोडले की अडविलेल्या देशातील वाटसरू या घरातून टॉरपर्यंत पोहोचतो. जाहीर यादीत नाव येत नाही आणि शेवटचा मुक्कामही दुसरीकडेच असतो. ब्राउझर बंद केला की ही पाणपोईही बंद होते.