कोरायचा भोपळा वेगळा, खायचा वेगळा



परवा एका गावच्या पारावर एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, तिकडं अमेरिकेत भोपळ्याला नाक-डोळे कोरून आत दिवा लावत्यात म्हणं. मग खात काय न्हाईत का?" प्रश्न साधा, पण त्यात आपल्या कामाचे बरेच आहे.

३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोविनचा सण असतो. आयर्लंड-स्कॉटलंडकडे या दिवशी सलगम कोरायची चाल होती. एकोणिसाव्या शतकात तिथली माणसे अमेरिकेत गेली. तिथे मोठा, कोरायला सोपा भोपळा हाताशी मिळाला आणि सलगम मागे पडले.

आता मुद्द्याचे बघा. कोरण्यासाठी 'हाऊडेन'सारखे वाण लावतात. रंग भगवा, आकार गोल, देठ दणकट. पण गर धागेदार आणि पाणचट. डब्यात भरून विकला जातो तो गर मुख्यतः इलिनॉय राज्यातल्या 'डिकिन्सन' जातीच्या भोपळ्याचा. हा दिसायला फिका, पण गर घट्ट आणि गोड. विशेष म्हणजे तो आपल्या डांगराच्याच कुळातला. आपला 'अर्का चंदन' वाणही त्याच कुळातला. म्हणजे तिकडचा खाण्याचा भोपळा हा आपल्या डांगराचा भाऊच समजा!

सुगरणी तिकडे काय करतात? लहान, गोड भोपळा दोन फाका करून, बिया काढून, भट्टीत तासभर भाजतात. गर घोटून फडक्यात बांधून पाणी निथळवतात. मग त्यात अंडी, दूध, साखर, दालचिनी, सुंठ, जायफळ घालून पिठाच्या पारीत भाजतात. याला 'पंपकिन पाय' म्हणतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्या पंगतीत हा पदार्थ हवाच. आपण तोच गर गुळात शिजवतो, त्यात मावेल तेवढी कणीक मळून घारगे तळतो. कोरतानाचा ताजा गर त्याच दिवशी सूपात घालता येतो. बियाही वाया जात नाहीत. धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजतात.

मात्र कोरून, दिवा लावून दोन-चार दिवस बाहेर ठेवलेला भोपळा खायचा नाही. त्याला बुरशी धरते. तो खतात टाकावा. रंग, मेण किंवा बुरशी असेल तर जनावरांपुढेही टाकू नये. भोपळा कुठलाही असो, फोड कडू लागली तर लगेच थुंकावी आणि शिजवलेली भाजीही टाकून द्यावी. कडूपणा शिजवून जात नाही. त्याने उलट्या-जुलाब होतात.

तिथल्या शेतकऱ्याचे दुखणेही आपल्यासारखेच आहे. ३१ ऑक्टोबर उलटला की कोरायच्या भोपळ्याला गिऱ्हाईक नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी बाजारात उरलेल्या झेंडूचे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून तिकडचा शेतकरी सणाची तारीख धरून शंभर-एक दिवस मागे मोजतो आणि मग बी टोकतो.

आपल्याकडे पितृपक्षात डांगराला मागणी असते. तेव्हा आपणही तसाच हिशेब करावा. फळाच्या सालीत नख रुतेनासे झाले की दोन-तीन इंच देठ ठेवून कापावे, देठाला धरून उचलू नये. आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी सुकू द्यावे आणि मग कोरड्या जागी एकेरी थरात मांडावे. असे फळ दोन-तीन महिने टिकते. भाव पडला तरी त्याच दिवशी विकायची घाई राहत नाही.

झेंडू थांबत नाही, डांगर थांबते. या थांबण्याचा पैसा करायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.