२७०१५ नंबरचं दार

२००५च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं आणि बघता बघता सोलापुरातल्या घरोघरी टेलिफोनशेजारी मॉडेमचा डबा येऊन बसला. तोवर चार जणांनी मिळून गेम खेळायचा म्हणजे सायबर कॅफे गाठायचा किंवा इंजिनिअरिंगच्या होस्टेलात लॅनची वायर ओढायची. काउंटर-स्ट्राइक १.६ असो की एज ऑफ एम्पायर्स, खेळणारे सगळे एकाच खोलीत. ब्रॉडबँड आलं त्याच सुमारास आमच्या वयाची पोरं शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला जायला लागली. हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलेला मित्र दिवाळीला नाहीतर गड्ड्याच्या जत्रेला भेटायचा. ग्रुप टिकवायचा तर खेळ चालू राहायला हवा होता, आणि त्यासाठी कुणाच्या तरी घरी सर्व्हर हवा होता.

पण त्या सर्व्हरची वाट मॉडेममधून जायची, आणि मॉडेम म्हणजे जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा. बाहेरच्या जगाला वाड्याचा पत्ता माहीत असतो, आत कोण कुठल्या खोलीत राहतं ते नाही. आतल्या कॉम्प्युटरनं बाहेर काही मागितलं की मॉडेम त्याची नोंद ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच्याकडे पोचवतो. पण बाहेरून कुणी आपण होऊन आलं, तर त्याला कुठे पाठवायचं हे मॉडेमला कळत नाही, म्हणून तो ते टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला कायमची सूचना देऊन ठेवणं: काउंटर-स्ट्राइकच्या २७०१५ नंबरच्या पोर्टावर यूडीपी पद्धतीनं जे येईल ते १९२.१६८.१.१० या मशीनकडे सोड.

प्रत्यक्षात ते एवढ्यावर भागायचं नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिननं आत शिरायचं. आधी सर्व्हरच्या मशीनला घरातला पत्ता कायमचा लावून द्यायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो नंबर घरातल्या दुसऱ्याच कॉम्प्युटरला मिळायचा. मग नियम घालायचा, टीसीपी की यूडीपी ते नीट बघून. मग विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी. आणि एवढं करूनही चाललं की नाही हे घरात बसून कळत नसे. बरेचसे मॉडेम आतून निघून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर परत येऊ देत नाहीत, त्यामुळे खात्री करायला बाहेरचाच माणूस लागायचा. पुण्याला फोन लावायचा. तिकडून आवाज यायचा, "दिसना बे अजून." पुन्हा मॉडेम बंद-चालू. मग एकदम, "आलं बे, आलं!" त्या ओरडण्याची मजा मी आजही विसरलेलो नाही.

त्या वर्षांतलं लोडशेडिंग सोलापूरकरांना सांगायला नको. लाइट गेली की मॉडेम बंद, लाइट आली की मॉडेमला बाहेरचा पत्ता नवा. तो पुन्हा सगळ्यांना एसएमएसनं कळवायचा. यावर उपाय होता डायनडीएनएससारख्या सेवांचा. एक नाव कायम ठेवायचं आणि पत्ता बदलला की ते नाव आपोआप नव्या पत्त्याला जोडलं जायचं. फुकट मिळायची ती सोय. अपलोड इतका तोकडा की पाच-सहा जणांपलीकडे सगळेच अडखळायचे. पण रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं न जाणारा प्लॅन ज्याच्या घरी, त्याच्याच घरी सर्व्हर, हे न बोलता ठरलेलं असायचं.

हे शिक्षण वाया गेलं नाही. २०१०च्या पुढेमागे शहरात दुकानं, शोरूम, यंत्रमागाचे कारखाने सगळीकडे सीसीटीव्ही बसायला लागले. मालकाला कारखाना घरून मोबाइलवर बघायचा असे आणि त्यासाठी डीव्हीआरचा पोर्ट उघडून द्यावा लागे. गेमसाठी जे काम पोरं रात्री जागून शिकली, त्याचेच आता पैसे मिळत होते. केबलवाल्याला "दादा, पोर्ट ओपन करून पाहिजे" म्हटलं की त्याचा पहिला प्रश्न "कॅमेऱ्याला का?"

या उघड्या दारांची किंमत २०१६मध्ये जगानं मोजली. मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच चालणारे डीव्हीआर, कॅमेरे, राउटर लाखांनी ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी ज्या डायन कंपनीवर हल्ला झाला, तीच ती डायनडीएनएसवाली. फुकटची सेवा तिनं २०१४च्या मे महिन्यातच बंद केली होती. मला यातून पोर्ट उघडणं वाईट असं कधीच वाटलं नाही. पासवर्ड न बदलता उघडणं वाईट, आणि जे लागत नाही तेही उघडून ठेवणं वाईट.

खरं नुकसान वेगळ्याच बाजूनं झालं. बाहेरचे हे पत्ते ज्या आयपीव्ही४ पद्धतीचे, ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले आणि एप्रिलमध्ये आशियाचा साठाही तळाला गेला. इकडे भारतात नेट वापरणारे कोटींनी वाढत होते, आणि २०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर तर पूरच आला. मग कंपन्यांनी एकेक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायला सुरुवात केली. जे आपला मॉडेम घरात करायचा तेच आता कंपनी स्वतःकडे करू लागली. आपल्या नियमांच्या वर आणखी एक दरवाजा आला आणि त्याची किल्ली आपल्याकडे नाही. स्वस्त नेटची मोठी किंमत मला हीच वाटते. बघायला सगळं जग आलं, पण आपल्या घरी बोलावायची सोय गेली.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये हे घराघरात उमगलं. घरात अडकलेल्या चुलत-मावस भावंडांना माइनक्राफ्ट एकत्र खेळायचं होतं. माझ्या भाच्यानं त्या खेळाच्या २५५६५ पोर्टाचा नियम अचूक घातला, तरी बाहेरून कुणी येईना. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४नं सुरू होणारा दिसला तेव्हा उलगडा झाला. २०१२ साली कंपन्यांच्या याच वाटपासाठी राखून ठेवलेले हे आकडे. असा पत्ता दिसला की आपला नियम कितीही बरोबर असो, उपयोग शून्य. कस्टमर केअरला फोन केला तर "सर, स्टॅटिक आयपी घ्या", म्हणजे दरमहा वेगळे पैसे. शाळकरी पोरांनी ते कुठून आणायचे? त्यांनी या दरवाजाला वळसा घालून जोडणारं झिरोटियर बसवलं, नंतर तसंच प्लेइट. ही साधनं उत्तम आहेत. पण आता भावंडांना आपसात खेळायलाही तिसऱ्याच्या सेवेवर अवलंबून राहावं लागतं आणि त्यानं सेवा बंद केली की खेळ थांबतो, हे मला खुपतं.

आशा आहे ती आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीकडून. पत्त्यांचा तुटवडाच नसल्यामुळे तिथे प्रत्येक मशीनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. फॉरवर्डिंग लागत नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढ्या पोर्टाला परवानगी द्यायची. आणि आयपीव्ही६ वापरण्यात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. अडचण एवढीच की कित्येक राउटर बाहेरून येणारं सगळं अडवतात आणि ते सोडायचं बटणच ग्राहकाला दाखवत नाहीत. नवीन कनेक्शन घेताना वेगाच्या आधी मी हे बटण आहे का ते विचारतो, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतो.

भाच्याच्या राउटरला ते बटण निघालं. त्याचा सर्व्हर गेल्या हिवाळ्यापासून जुन्या लॅपटॉपवर, थेट आपल्याच पत्त्यावर चालू आहे. पुण्याच्या होस्टेलातल्या एका मित्राकडे मात्र फक्त आयपीव्ही४ आहे, म्हणून त्याच्या एकट्यासाठी प्लेइटचा बोगदाही चालू ठेवलाय.