आधी उतरायची वाट

वडनेरात डोंगर नाही. हिंगणघाट मागे टाकून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना कपाशी, तूर, सोयाबीन आणि नजर अडवायला फार तर बांधावरचा एखादा कडुनिंब. म्हणून हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने चढायचं आणि साधले घाटाने उतरायचं, असं मी घरी सांगितलं तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला तो रास्तच होता. सराव कुठे करणार?

तसा आमच्याकडच्या माणसाला डोंगर परका नाही. नागपंचमीला नागद्वार आणि महाशिवरात्रीला चौरागड ही पचमढीची चढण विदर्भातली गावंच्या गावं पिढ्यान्‌पिढ्या चढत आली आहेत. माझे आजोबा खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडला गेले होते. पण यात्रेत पुढे-मागे हजारो माणसं चालत असतात. वाट चुकली तर कुणीतरी हाक मारतं, पाय मुरगळला तर कुणीतरी उचलतं. सह्याद्रीतल्या नाळेत तुम्ही सहा जण, एक वाटाड्या आणि दगड. तिथे ती गर्दी करते ते सगळं काम घरी बसून, वहीत करावं लागतं.

ही वाट म्हणजे पुरा फेरा आहे. सुरुवात आणि शेवट दोन्ही बेलपाडा. हे ठाणे जिल्ह्यातलं, माळशेज घाटाच्या पायथ्याजवळचं आदिवासी गाव. अंगणातून समोर पाहिलं की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा दिसतो. अर्धगोल, मधोमध आत गेलेला, नागाने फणा काढावा तसा. त्याच्या कुशीतून ओढ्याची एक अरुंद चिरणी, म्हणजे नाळ, खाली येते, तीच नळीची वाट. बेलपाड्यापासून कड्याच्या माथ्यापर्यंत हजार मीटरहून जास्त चढ. आधी घराएवढाल्या धोंड्यांवरून, मग घसाऱ्यावरून, आणि वरच्या अंगाला कातळाचे उभे टप्पे, जिथे दोर लावावा लागतो. वर पोचल्यावर मुक्काम. दुसऱ्या दिवशी तारामतीचं शिखर, हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आणि मग साधले घाटाने खाली. ही उतरणही एका नाळेचीच, पण तिथे कातळटप्पे नाहीत.

फेरा उलटा का करू नये, असं मला गावात बरेच जण विचारतात. चढताना हात-पाय कुठे टाकायचे ते डोळ्यांसमोर असतं. उतरताना तोच टप्पा पायाखाली लपतो. शिवाय अवघड भाग ताज्या अंगाने आणि भरल्या बाटलीने पार पडावा. नळीची वाट उतरण्यासाठी धरू नये, हे मी ठासून सांगतो.

पहिल्या वर्षी मी ते चुकवलं नाही, दुसरंच चुकवलं. वर्ध्याहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस धरली, पहाटे कल्याणला उतरलो, माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने सावर्णे फाटा गाठला. मुक्कामाचा दिवस वाचवायचा म्हणून त्याच दिवशी साडेदहाला नाळेत शिरलो. धोंड्यांत किती वेळ जातो याची सपाट रानात चालणाऱ्याला कल्पनाच येत नाही. वडनेरला तासाला पाच किलोमीटर सहज होतात, नाळेत एकही होईना. दोन वाजून गेले तरी पहिला कातळटप्पा दिसला नव्हता. वाटाड्या एका चपट्या दगडावर बसला आणि म्हणाला, "सर, इथून फिरू. उजेड पुरायचा नाय."

माझा पुतण्या रडकुंडीला आला. "काकाजी, इतक्या दुरून आलो अन् वापस जा लागते काय?"

जावं लागतं. फेऱ्याचा धर्मच असा आहे की एका ठिकाणापर्यंत मागे फिरणं सोपं असतं, त्यानंतर पुढे जाणं हीच परतीची वाट होते. नाळेतलं ते ठिकाण म्हणजे पहिला टप्पा. तो चढून गेलात की अंधार झाला तरी वरच निघावं लागतं. कोकणकड्याच्या परिसरात २०१८च्या नोव्हेंबरात दोर लावून उतरणारा सुमारे वीस जणांचा गट कड्यातच अडकला आणि त्यांना रात्र तिथेच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली. अशा वेळी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत ठिकठिकाणचे गिर्यारोहक धावून येतात. आपलं काम सोडून, जीव धोक्यात घालून येणाऱ्या त्या लोकांचा विचार वही भरताना मनात ठेवावा.

दुसऱ्या वर्षी वहीच्या पहिल्या ओळीवर मी निघण्याची वेळ लिहिली नाही. लिहिलं, 'बेलपाड्यात परत: दुसरा दिवस, संध्याकाळी पाच.' मग उलटा हिशेब केला. साधले घाटाला पाच तास, तासभर राखीव, म्हणजे अकराच्या आत पठार सोडायचं. पहिल्या दिवशी सूर्यास्ताच्या दोन तास आधी कड्यावर. जानेवारीत साडेसहाच्या आत सूर्य बुडतो, म्हणजे साडेचार. पहिला टप्पा उशिरात उशिरा अकराला. तिथे पोचायला अकराची सव्वाअकरा झाली तर वाद न घालता मागे. म्हणून बेलपाड्यातून पहाटे पाचला, विजेरी लावून. आणि आदला पूर्ण दिवस गावात विश्रांती.

महिनाही असाच ठरला. पावसाळ्यात ही नाळ म्हणजे धबधब्याची वाट, तेव्हा तिकडे फिरकूच नये. मार्चनंतर कातळ तापतो. उरले हिवाळ्याचे महिने, आणि त्यातही कापसाचा वेचा आटोपल्याशिवाय आमच्यातलं कुणी घर सोडणार नाही. जानेवारी.

सराव केला गिरडला. समुद्रपूर तालुक्यातली ही टेकडी तिथल्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. दर रविवारी आठ किलोचं ओझं पाठीवर घेऊन ती पाच-पाच वेळा चढलो. उंची थोडी, पण उतरताना गुडघे बोलू लागले तेव्हा कळलं की मेहनत कुठे घ्यायची आहे.

सामानात नेमकं लिहितो, कारण इथेच लोक चुकतात. माणशी चार लिटर पाणी, वाटेतल्या डबक्यावर भरवसा नाही. डोक्याला हेल्मेट, कारण पुढच्याच्या पायाखालचा दगड मागच्याच्या डोक्यावर येतो. कातळटप्प्याला दोर, आणि तो बांधता येणारा माणूस. खायला फल्लीदाणे, गूळ, तिळाची चटणी लावलेल्या पोळ्या. वर गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावची मंडळी पिठलं-भाकरी देतात, तरी एका जेवणाचं आपल्याजवळ असावं. हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तेव्हा गेलेली प्रत्येक पिशवी खाली परत येते.

त्या वर्षी पहिल्या टप्प्याशी साडेदहाला पोचलो. दोर घट्ट धरून, नाक दगडाला लावून चढताना मला एक गोष्ट फार आपली वाटली. हा काळा बेसाल्ट आणि माझ्या वावरातली काळी माती एकाच घरची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. इकडे त्यांचा कडा उभा राहिला, आमच्याकडे तोच खडक झिजून कापसाची जमीन झाली.

पावणेचारला कड्याच्या माथ्यावर आलो. पालथं पडून, कोपरांवर सरकत खाली पाहिलं. पायाखाली दगड नव्हताच, हवा होती, आणि तिच्या तळाशी बेलपाड्याची घरं. सूर्य समोर कोकणात बुडाला. कर्नल साईक्स यांना इथे गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, मधोमध स्वतःची सावली. त्याला इंद्रवज्र म्हणतात. त्यासाठी पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुकं लागतं, म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेल्या या कड्यावर सकाळची वेळ. जानेवारीच्या कोरड्या हवेत त्याची आशा धरू नये. ते पाहायचं तर पावसाच्या दिवसांत पाचनईच्या सोप्या वाटेने यावं.

कोरड्या हवेचं दान वेगळं. १४२९ मीटर उंचीच्या तारामतीवर पहाटे उभे राहिलो तर कळसूबाई, अलंग, मदन, रतनगड, आजोबा आणि दुसऱ्या अंगाला जीवधन, हडसर, चावंड, सगळे एकेक करून उजळत गेले. पुतण्या नावं विचारत होता, वाटाड्या सांगत होता. मग खाली केदारेश्वराच्या गुहेत गेलो. चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि भल्यामोठ्या पिंडीभोवती कंबरेएवढं गारठलेलं पाणी. त्यात उतरून प्रदक्षिणा घातली तेव्हा मला चौरागडचे आजोबा आठवले.

साडेदहाला पठार सोडलं. साधलेच्या तोंडाशी गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की वाटाड्याशिवाय खरी वाट सापडली नसती. उतार गुडघ्यांना लागला, पण गिरडच्या रविवारांनी साथ दिली.

बेलपाड्यात वाटाड्याच्या अंगणात पाठीवरची ओझी टाकली. त्याच्या घरून काळा चहा आला. पुतण्याने वही मागून घेतली, पहिल्या ओळीसमोरची रिकामी जागा शोधली आणि घड्याळ बघून लिहिलं, चार वाजून वीस मिनिटं.