निगा आणि चाचणी : परंड्यातील घरगुती वीजसाधनांची भाषा

मराठीतील ‘निगा’ हा शब्द फारसी ‘निगाह’ या शब्दावरून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘नजर’ असा आहे. ‘देखभाल’ या जोडशब्दाचे दोन्ही घटकही पाहण्याचेच वाचक आहेत. एखादी वस्तू सांभाळणे म्हणजे तिच्यावर नजर ठेवणे, ही कल्पना या दोन्ही शब्दांच्या मुळाशी आहे आणि शेत, जनावर, घराचे माळवद यांच्या बाबतीत ती योग्यही आहे. कारण तेथील बिघाड बहुधा डोळ्यांना दिसतो. वीज साठविणारी किंवा निर्माण करणारी साधने घरात आली तेव्हा मात्र ही कल्पना अपुरी पडू लागली. सहा महिने कोपऱ्यात झाकून ठेवलेले जनरेटर बाहेरून नव्यासारखेच दिसते. त्याच्या टाकीतील पेट्रोल शिळे झाले आहे, किंवा त्याची वीज घराच्या भाराखाली टिकणार नाही, हे पाहून कळत नाही. ते चालवून व भार देऊनच कळते. निगेच्या जोडीला चाचणी आवश्यक झाली ती अशी. धाराशिव जिल्ह्यातील परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी या दोन क्रियांसाठी कोणती भाषा वापरली जाते आणि तिच्यातील कोणत्या संदिग्धता जिवावर बेतू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंडे हे किल्ल्याचे गाव. विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रसिद्ध तोफ १६३२ मध्ये तेथे नेली गेली ती परंड्याहूनच. गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या इतिहासाचे थर यंत्रदुरुस्तीच्या बोलीत आजही वेगळे करून दाखविता येतात. ‘दुरुस्ती’ आणि ‘पुर्जा’ हे फारसी, ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला, ‘इंजिन’, ‘मोटर’, ‘स्टार्टर’, ‘फेज’, ‘लोड’ हे इंग्रजी, आणि ‘जनित्र’, ‘रोहित्र’, ‘भारनियमन’ हे शासकीय संस्कृत. यांतील शेवटचा थर सर्वांत अलीकडचा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आणि भाषा संचालनालय ही दोन्ही १९६० सालची अपत्ये आहेत. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे गेले, तरी परिभाषा तीच राहिली.

ही परिभाषा व्याकरणदृष्ट्या मोठी नेटकी आहे. साधनवाचक ‘इत्र’ प्रत्यय पाणिनीने (३.२.१८४) मोजक्या धातूंना सांगितला आहे, ‘खनित्र’ म्हणजे खणण्याचे साधन, ‘लवित्र’ म्हणजे कापण्याचे, ‘अरित्र’ म्हणजे वल्हे. पाणिनीच्या त्या यादीत ‘जन्’ धातू नाही. ‘जनित्र’ हा शब्द ऋग्वेदात आढळतो, पण तेथे त्याचा अर्थ जन्मस्थान असा आहे. नव्या परिभाषेने त्यास ‘निर्माण करणारे यंत्र’ हा अर्थ दिला. ‘रोहित्र’ची गोष्ट अधिक गमतीची आहे. ‘रुह्’ म्हणजे चढणे. तेव्हा ‘रोहित्र’ म्हणजे चढविणारे साधन. वीजनिर्मिती केंद्राजवळचे रोहित्र दाब चढविते हे खरे. परंतु गावात खांबांवर बसविलेले रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरविते. लोकांच्या नित्य परिचयातील एकमेव रोहित्र असे नावाच्या नेमके उलट काम करते. लोकांना या व्युत्पत्तीशी कर्तव्य नाही. ते ‘डीपी’ म्हणतात, तिला स्त्रीलिंगी करतात, आणि ‘डीपी जळाली’ एवढे म्हटले की पुढचे काही दिवस अंधाराचे आहेत हे सर्वांस कळते. ‘रोहित्र’ वर्तमानपत्रात आणि अर्जात राहिले, बोलण्यात आले नाही. ‘जनित्र’ तर अर्जातही क्वचितच येते.

‘लाईट’ हा शब्द मात्र पूर्णपणे मराठी झाला आहे. ‘वीज’ स्त्रीलिंगी म्हणून ‘लाईट’ही स्त्रीलिंगी, आणि तिचा अर्थ दिवा नसून पुरवठा असा आहे. लाईट येते, जाते, झोळ खाते, अर्धीच येते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात ती तासन्तास जात असे. त्या जाण्याला शासकीय मराठीत ‘भारनियमन’ म्हणतात. इंग्रजी ‘लोडशेडिंग’मध्ये भार टाकून देण्याचा स्पष्ट निर्देश आहे, ‘नियमन’ शब्दाने तो निर्देश सौम्य झाला. ‘लाईट गेली’ हे वाक्य घराच्या बाजूने बोललेले आहे, ‘भारनियमन’ हे पुरवठादाराच्या बाजूने. याच काळात इन्व्हर्टर आणि बॅटरी ही जोडी घराघरांत शिरली. दुकाने, दवाखाने आणि मंगल कार्यालये यांनी जनरेटर घेतले. ‘बॅकअप’ हा शब्दही तेव्हाच रुळला, आणि त्याचे माप वॅटमध्ये नव्हे तर तासांत ठरले : “बॅकअप किती देतो?” प्रश्नकर्त्याला उत्तर तासांत हवे असते, पण ते उत्तर किती पंखे लावणार यावर अवलंबून आहे, ही गोष्ट प्रश्नाच्या रचनेतच झाकली जाते.

बॅटरीच्या बाबतीत लोकभाषा बरीच अचूक आहे. बॅटरी ‘उतरते’, ‘चार्ज होते’, ‘फुगते’, आणि शेवटी ‘बसते’. उतरणे ही तात्पुरती अवस्था आणि बसणे ही कायमची, असा भेद बोलणारा सहज पाळतो. ‘निकामी’ या एका ग्रांथिक शब्दात तो येत नाही. गडबड होते ती पाण्याच्या संदर्भात. शिसे-आम्ल बॅटरीतील द्रवाला सरसकट ‘ॲसिड’ म्हणतात, आणि त्याची पातळी खाली गेली की ‘ॲसिड टाकायचे आहे’ असे बोलले जाते. वस्तुतः प्रभरणाच्या वेळी द्रवातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात, काही पाणी वाफ होऊन जाते. आम्ल जागीच राहते. म्हणून भरावयाचे ते केवळ ऊर्ध्वपातित पाणी, ज्याला दुकानात ‘डिस्टिल वॉटर’ म्हणतात. बोलण्यातील ‘ॲसिड’ शब्दशः घेऊन आम्ल ओतणाऱ्याच्या बॅटरीतील द्रव अकारण तीव्र होतो आणि पट्ट्या लवकर खराब होतात. विहिरीचे किंवा नळाचे पाणी ओतणाऱ्याचे नुकसान क्षारांमुळे होते.

चाचणीचे साधन म्हणजे विशिष्ट गुरुत्व मोजणारी काचेची नळी, हायड्रोमीटर. वाहनाच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत हे गुरुत्व साधारणपणे १.२६ ते १.२८ असते, इन्व्हर्टरच्या नळीपट्टी बॅटरीत थोडे कमी, १.२४ च्या आसपास. सहा कप्प्यांपैकी एकाचेच वाचन इतरांहून बरेच खाली असेल, तर दोष त्या कप्प्यात आहे आणि अधिक तास चार्ज केल्याने तो जाणार नाही. विसावलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्टच्या वर भरतो. तरीही दाबाचे मोजमाप एकट्याने फसवे ठरते. म्हाताऱ्या बॅटरीचाही दाब विसाव्यात चांगला दिसतो आणि भार देताच कोसळतो. निघालेला हायड्रोजन ज्वालाग्राही असल्यामुळे बॅटरी कपाटात कोंडू नये व झाकणे उघडताना जवळ दिवा किंवा उदबत्ती नसावी.

जनरेटरच्या चाचणीविषयी मिस्त्र्यांच्या बोलीत एक फार उपयुक्त द्वंद्व आहे : जनरेटर ‘चालू होतो’ आणि जनरेटर ‘लोड घेतो’. पहिले खरे असून दुसरे खोटे असू शकते. महिन्यातून एकदा दोरी ओढून दोन मिनिटे इंजिन फिरविणे आणि समाधान मानणे ही सार्वत्रिक सवय आहे; तिने इंजिन चालू होते एवढेच सिद्ध होते. शिवाय डिझेल इंजिन भाराविना वारंवार चालविल्यास पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले इंधन व काजळी नळकांड्यात आणि धुराड्यात साचते. म्हणून महिन्याची चाचणी अर्ध्या तासाची असावी आणि तिच्यात क्षमतेच्या निदान एक-तृतीयांश भार असावा. त्या वेळी दाब २३० व्होल्टच्या जवळ आणि वारंवारता ५० हर्ट्‌झच्या जवळ राहते की नाही हे पाहावे. वारंवारता इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते : दोन ध्रुवांच्या यंत्रास मिनिटाला ३,००० फेरे, चार ध्रुवांच्या यंत्रास १,५००. भार पडताच वेग फार खाली जात असेल तर दोष बहुधा गव्हर्नरचा किंवा इंधनपुरवठ्याचा. पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. जो जनरेटर दिवे-पंखे निमूटपणे चालवितो तो मोटर लावताच ‘दबतो’, हे त्यामुळेच. ‘दबणे’ हे क्रियापद येथे यथार्थ आहे.

तेल, गाळणी आणि स्पार्क प्लग यांच्याविषयी निर्मात्याची पुस्तिका पाहावी. नव्या लहान इंजिनाचे पहिले तेल मात्र साधारण वीस तासांनीच बदलावयाचे असते आणि ते बहुतेक ठिकाणी राहून जाते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते हवेतील ओलावा शोषते. म्हणून यंत्र दीर्घकाळ बंद ठेवावयाचे असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. डिझेल इंजिनाची टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. ‘इंजिनाने हवा धरली’ असे तेव्हा म्हणतात, आणि हवा काढल्याखेरीज ते चालत नाही.

आता खरोखर जिवावर बेतणाऱ्या शब्दाकडे वळले पाहिजे. तो शब्द ‘बंद’. नित्याच्या मराठीत बटण बंद म्हणजे प्रवाह नाही. इंग्रजी परिभाषेत मात्र परिपथ ‘बंद’ असेल तरच प्रवाह वाहतो. तिचे शब्दशः भाषांतर करून ‘बंद परिपथ’ म्हटले की विद्यार्थ्याच्या मनात आयटीआयमधील वर्ग आणि घरातील बटण यांचे अर्थ परस्परांविरुद्ध उभे राहतात. ‘पूर्ण परिपथ’ आणि ‘खंडित परिपथ’ ही जोडी निःसंशय अधिक चांगली आहे. पण यापेक्षाही धोकादायक वाक्य म्हणजे ‘लाईन बंद आहे’. ते बोलणारा लाईट गेल्याचे सांगत असतो. ऐकणारा तारेला हात लावण्यास हरकत नाही असे समजतो. घरोघरी जनरेटर आल्यापासून पहिल्या विधानावरून दुसरे निघत नाही.

याचे कारण रोहित्राच्या स्वभावात आहे. ते दोन्ही दिशांनी काम करते. एखाद्याने दोन टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज घरातील सॉकेटमध्ये सोडली आणि मुख्य स्विच उघडा करण्याचे विसरला, तर ती वीज मीटरमधून मागे खांबावर जाते. तेथून ती डीपीला पोहोचली, तर उच्चदाबाच्या बाजूस सुमारे दहा हजार व्होल्ट निर्माण होऊ शकतात. येथे मात्र रोहित्र आपल्या नावाला जागते. पुष्कळदा शेजारच्या घरांचा भार पडून लहान जनरेटर दबतो आणि काही घडत नाही, म्हणूनच ही सवय निर्धोक वाटते. परंतु वायरमनने दुरुस्तीसाठी तार मध्येच सोडविली असेल, तर तो भार नसतो; आणि उच्चदाबाचे सोडाच, २३० व्होल्टही माणूस मारण्यास पुरेसे आहेत. उपाय एकच : चेंजओव्हर स्विच, जो घराला एका वेळी एकाच उगमाशी जोडतो. त्याची चाचणीही महिन्याच्या चाचणीतच व्हावी. मधल्या स्थितीत दोन्ही बाजू तुटतात की नाही हे मापकाने पाहावे, दांडा फिरला म्हणून गृहीत धरू नये.

‘अर्थिंग’ या शब्दाचे अधिकृत रूप ‘भूसंपर्कन’ असे आहे. इंग्रजी ‘अर्थ’ देवनागरीत लिहिला की संस्कृत ‘अर्थ’ होतो, आणि ‘अर्थ नीट नाही’ या मिस्त्र्याच्या शेऱ्यावर भाषाभ्यासकास हसू येणे साहजिक आहे. परंड्याच्या परिसरातील काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते व गाडलेल्या नळीपासून सुटते. कोरड्या मातीचा विद्युत्‌रोधही वाढतो. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग वैशाखात नाममात्र उरते ते यामुळे. खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत योग्यच आहे. रोध मोजावयाचा तो मात्र पाणी घालण्यापूर्वी आणि भर उन्हाळ्यात. गळतीरक्षक स्विचवरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. स्विच पडला नाही तर तो बदलावा. पडला तर त्यावरून अर्थिंग चांगले असल्याचे मात्र सिद्ध होत नाही, कारण ते बटण केवळ स्विचची यंत्रणा तपासते.

शेवटची उणीव शब्दाच्या अभावाची आहे. ‘धूर’ म्हणजे डोळ्यांना दिसणारा. पेट्रोल जनरेटर निरोगी असला की त्याचा धूर दिसत नाही, आणि ‘धूर नाही’ म्हणून तो पावसाच्या रात्री पडवीत किंवा जिन्याखाली चालविला जातो. त्याच्या उत्सर्गातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि मराठी घरात नावही नाही. झोपलेल्या माणसास तो जागे करीत नाही. जनरेटर उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवावा, ही सूचना पुस्तिकांत असते, परंतु बहुधा इंग्रजीत किंवा ‘उत्सर्जित वायूंपासून बचाव करावा’ अशा मराठीत असते. ‘धूर दिसला नाही तरी विषारी हवा असते, घरात चालवू नये’ एवढे वाक्य यंत्रावरच रंगविले तर ते वाचले जाईल. त्याच्याखाली चाचणीची तारीख, चाललेले तास, व्होल्ट आणि घातलेले पाणी यांसाठी चार रकाने आखावेत. पेन्सिल दोरीने बांधून ठेवावी.