डोंगराची गॅलरी, लाल मातीचा आखाडा

कुंडलच्या कुस्ती मैदानाला गॅलरी बांधावी लागली नाही. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातलं हे गाव डोंगराच्या कुशीत आहे, आणि पावसाळा सरता सरता तिथं मैदान भरतं तेव्हा कुस्तीशौकीन सरळ डोंगराच्या उतारावर बसतात. खाली सपाटीला लाल मातीचा आखाडा, वर हिरव्या उतारावर टोप्या, फेटे आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेली हजारो माणसं. खुर्चीला नंबर नाही, कारण खुर्चीच नाही. तरीही पार वर बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी कुणाचा पट काढला ते दिसतं, आणि तो शेजारच्याला तसं सांगतोही.

हे जमतं कसं? सपाट रानात माणसं बसली तर तिसऱ्या रांगेपासून पुढं फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून मागची रांग उंच करावी लागते. पण किती उंच, यातच खरी गंमत आहे. समजा, पहिली रांग आखाड्याच्या मध्यापासून १० मीटरवर मांडी घालून बसली आहे, दोन रांगांत ८० सेंटिमीटरचं अंतर आहे, आणि पुढच्याच्या डोळ्यांच्या १० सेंटिमीटर वरून मागच्याची नजर गेली पाहिजे. हिशेब मांडला तर दुसरी रांग सुमारे १७ सेंटिमीटर उंच हवी. ३० मीटरवर पोचेपर्यंत तीच पायरी सुमारे २७ सेंटिमीटरची होते. म्हणजे एकसारखा उतार चालत नाही. खाली सौम्य, वर जाल तसा चढता असा खोलगट बाक लागतो. जगभरचे स्टेडियम बांधणारे हाच बाक आज संगणकावर काढतात.

आता आपल्याकडच्या कुठल्याही डोंगराचा पायथा आठवून पाहा. वरचं पाणी हजारो वर्षं माती खाली आणून पसरवतं, त्यामुळे पायथ्याला जमीन जवळजवळ सपाट असते, मग हळूहळू चढ लागतो, आणि पुढं तो छातीवर येतो. हाच तो बाक. पावसानं घडवलेला उतार आणि माणसाच्या नजरेला हवा असलेला उतार एकमेकांशी इतके जुळावेत, याचं मला कितीही वेळा नवल वाटतं. ज्या जुन्या माणसांनी आखाड्यासाठी कुंडलची ती जागा हेरली, त्यांच्याकडे सूत्र नव्हतं, नजर होती.

ग्रीकांनी हेच ओळखलं होतं. एपिडॉरसचं प्रसिद्ध नाट्यगृह त्यांनी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात टेकडीच्या उतारातच कोरून काढलं. रोमन लोकांनी टेकडीची वाट पाहिली नाही, कमानींवर कमानी चढवून सपाट जमिनीवर टेकडी उभी केली. तेच कलोसियम. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या निमित्तानं युरोपात गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी ते रोममध्ये पाहिलं, आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान तयार झालं. मध्ये आखाडा, भोवती गोलाकार चढत जाणारी दगडी बैठक. पहिल्या मोठ्या कुस्तीला गामाचा भाऊ इमामबक्ष आखाड्यात उतरला होता. म्हणजे पन्नासेक किलोमीटरच्या अंतरात आपल्याकडे दोन्ही जाती आहेत. कोल्हापूरचं मैदान रोमच्या वळणाचं, कुंडलचं ग्रीसच्या.

कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. औंध आज सातारा जिल्ह्यात, कुंडल सांगलीत. पण ही फाळणी अलीकडची. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचा जगभर प्रचार करणारा माणूस. अशा राजाच्या मुलखात तालमींना काय मान असेल, ते वेगळं सांगायला नको. कृष्णेच्या दोन्ही काठांवर, कराडपासून मिरजेपर्यंत, यात्रा म्हटलं की दुसऱ्या दिवशी कुस्त्या, हे ठरलेलंच. आधी नारळावर आणि रेवड्यांवर बारक्या पोरांच्या कुस्त्या, मग शंभर, पाचशे, हजार अशी चढती इनामं, आणि दिवस कलताना शेवटची मोठी जोड. हलगी सकाळपासून वाजत असते, पण मोठी जोड आत आली की तिची लयच बदलते. उतारावर बसलेल्याला तो ताल थेट येऊन भिडतो. सपाटीला आवाज माणसांच्या अंगांवरून घासत, विरत जातो. उतारावर आवाज आणि कान यांच्या मध्ये काहीच नसतं.

आता याच कुस्त्या जिल्हा क्रीडा संकुलात नेऊन बघा. संकुलात बहुधा ४०० मीटरची धावपट्टी असते. तिच्या वळणाची आतली त्रिज्या साडेछत्तीस मीटर, त्यावर आठ पट्ट्यांचे जवळजवळ दहा मीटर. आखाडा मध्यावर मांडला, तर गॅलरीतला पहिल्या रांगेतला माणूस किमान ४६ मीटर लांब बसतो. पहिल्या रांगेतला! निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखता येतो. १० मीटरवर म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, ४६ मीटरवर सुमारे १३ मिलिमीटर, जवळजवळ बोटाच्या जाडीएवढा. आणि कुस्ती तर बोटांतच असते. खालचा पैलवान जमिनीला चिकटून बसलाय, वरच्यानं घिश्शासाठी लांगेत हात घातलाय, त्याची पकड बसली की निसटली, हे त्या बोटांवरून कळतं. कुंडलच्या उतारावर खालच्या अंगाला बसलेल्यांना ते आधी दिसतं, तिथून ‘बसली, बसली’ असा गलका उठतो आणि डाव पडायच्या आत तो वरपर्यंत पोचलेला असतो. संकुलात माणसं मोठ्या पडद्याकडे बघतात. पडदा चांगलं दाखवतो, पण आधी काय बघायचं ते दुसरा कुणीतरी ठरवतो.

लांबच्या देशांतल्या फुटबॉलवेड्यांचं दुःख मला इथूनच कळतं. लंडनचा वेस्ट हॅम क्लब १९०४ पासून अप्टन पार्कवर खेळत होता. तिथं प्रेक्षक इतके जवळ की कडेनं पळणाऱ्या खेळाडूचा श्वास ऐकू यावा. २०१६ मध्ये क्लब ऑलिंपिकसाठी बांधलेल्या भव्य स्टेडियममध्ये गेला. तिथं धावपट्टीच्या हिशेबानं आखलेल्या जागेमुळे गॅलरी मागे सरकली, आणि जुने प्रेक्षक कळवळले. आर्सेनलचं हायबरी मैदान २००६ मध्ये सुटलं. तिथं आता सदनिका आहेत आणि खेळपट्टीच्या जागी बाग. पण जुन्या मैदानांचा एक हिशेब रक्ताचाही आहे. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरोवर उभ्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ९७ जीव गेले, आणि त्यानंतरच्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानं मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली. जवळीक हवी म्हणताना हे विसरून चालणार नाही. यात्रेतल्या मैदानालाही येण्याजाण्याच्या रुंद वाटा हव्यात आणि रुग्णवाहिका आतपर्यंत यायला हवी.

फुटबॉल आपल्यालाही परका नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या नावांत आजही ‘तालीम’ आहे. ज्या पेठेनं पैलवान पोसले तिनंच पुढं फुटबॉलचे संघ पोसले, आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर त्या पेठा एकमेकींसमोर बसून घसा फोडतात.

कुस्तीत मात्र फक्त बसायची जागा बदलली नाही, पायाखालची जमीनही बदलली. मातीच्या आखाड्यात भुसभुशीत थर असतो. माती चाळून घेतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालतात, आणि रोज पहाटे फावड्यानं उकरतात. ते उकरणं हा स्वतःच एक व्यायाम. या थरात पाय रुततो. झेप घेऊन पायाला भिडायचं तर माती गुडघ्याला धरून ठेवते, वेग खाते. म्हणून मातीतला पैलवान उभ्यानं मान, खांदा, कंबर यांवर काम करतो, वजन टाकतो, समोरच्याला दमवतो. घामानं अंग निसरडं झालं की पाठीवर मूठभर माती टाकली, पकड परत आली. गादी म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा फोम, वर गुळगुळीत कापड, नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ, पायात बूट. तिथं गुडघा घसरत पुढं जातो, पाय निमिषात सापडतो. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि प्रत्येक हालचालीला गुण. मातीतल्या निकाली कुस्तीला एकच भाषा कळते, चितपट. पाठ जमिनीला लागली की संपलं, नाहीतर अर्धा तास झाला तरी चालू. त्यामुळे दोन्हीकडचा प्रेक्षकही वेगळा घडला. मातीचा प्रेक्षक वाट बघायला शिकला. काही न घडणाऱ्या दहा मिनिटांत कुणाचा दम उतरतोय, हे तो ओळखतो.

या दोन जमिनींमधली दरी पहिल्यांदा ओलांडली ती साताऱ्याच्या माणसानं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीवर वाढलेला हा गडी अनोळखी गादीवर लढला आणि सहावा आला. पुढची चार वर्षं त्यांनी ती अनोळखी जमीन आपलीशी करण्यात घालवली. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली, आणि लगेच, विश्रांती न देता, त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. तरी कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला त्यांची मिरवणूक निघाली ती शंभरहून जास्त बैलगाड्यांची. दहा वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सांगलीजवळच्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य आणलं. माती पैलवानाला मागे ठेवते, असं म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं आधी खोडून दाखवावीत.

पण हेही खरं की खाशाबांनंतर महाराष्ट्राला कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. गादी लवकर आणि गावोगाव मिळायला हवी होती, यात मला शंका नाही. आणि नव्या जागांनी एक मोठं काम केलंय. उतारावरच्या त्या हजारो टोप्यांत बायका शोधाव्या लागतात. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली, ती गादीवर. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं वैष्णवी पाटीलला हरवून गदा उचलली. पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेत, १९६१ साली, मान सांगलीच्याच दिनकर दह्यारींना मिळाला होता. बासष्ट वर्षांनी तोच जिल्हा, फक्त आता मुलगी.

महाराष्ट्र केसरीनं तोडगाही शोधला आहे. माती आणि गादी असे दोन विभाग लढतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडा संकुलात कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील विशाल बनकरविरुद्ध ५-४ असा जिंकला. एका गुणाचा फरक! अशी कुस्ती गुणफलकाशिवाय कळणं अवघड, हे मान्य. पण तो एक गुण कुठल्या हाताच्या, कुठल्या बोटांच्या हालचालीनं मिळाला, हे डोळ्यांनी टिपायला मिळावं, अशी माझी मागणी आहे.

म्हणून सातारा-सांगलीत पुढचं कुस्ती संकुल आखणाऱ्यांना सांगणं आहे की, आधी एखादा पायथा शोधा. आपल्याकडे डोंगरांची वाण नाही. आखाडा खाली ठेवा, धावपट्टी दुसरीकडे न्या, पहिली रांग दहा मीटरवर बसवा. एका कडेला माती, एका कडेला गादी. उतारावर दगडी पायऱ्या, खालून वर वाढत जाणाऱ्या, मध्ये उतरायच्या रुंद वाटा, पावसाच्या पाण्याला चर. बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि गर्दीत न घुसमटता बसता येईल अशी जागा. पुढच्या रांगेतले सोफे काढून तिथं तालमीतली पोरं बसवा, कारण वरच्याची बोटं लांगेत कशी बसली ते सगळ्यांत आधी त्यांना दिसलं पाहिजे.