दोनशे सेकंदांचा भडका

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी पन्हाळ्यावरून दक्षिणेला पाहिलं, तर मीनास्य हा एकटाच ठळक तारा नजरेत भरतो. त्याच्या थोडं पश्चिमेला, डोळ्यांना रिकामी वाटणाऱ्या जागी, दीडशे कोटी प्रकाशवर्षांवर एक दीर्घिका आहे : पीकेएस 2155-304. 28 जुलै 2006 च्या रात्री नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी तिचे गॅमा किरण सुमारे दोनशे सेकंदांत दुप्पट होताना टिपले. अख्खी दीर्घिका, आणि दोनशे सेकंद!

यात अडचण कुठे आहे, ते कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या मिरवणुकीत कळतं. 340 मीटर लांब पसरलेल्या ढोलपथकाने अगदी एका क्षणी टिपरू मारलं, तरी शेवटच्या ढोलाचा आवाज पुढच्या ढोलानंतर सेकंदभराने पोचतो. ठोका पसरट होतो. ठोका टोकदार ऐकू आला, की समजावं पथक लहान आहे. प्रकाशालाही हाच हिशेब लागू. दोनशे सेकंदांत तो सहा कोटी किलोमीटर जातो, म्हणजे भडकलेला भाग साधारण तेवढाच हवा. पण या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर शंभर कोटी सूर्यांच्या वजनाचं धरलं, तर ते एकटंच सहाशे कोटी किलोमीटर रुंद भरतं!

कोडं सोडवतो तो झोत. कृष्णविवराजवळून निघालेला हा झोत नेमका आपल्याच दिशेने रोखलेला आहे. अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात. झोतातलं द्रव्य स्वतःच सोडलेल्या प्रकाशाच्या पाठोपाठ धावतं, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या किरणांतलं अंतर मिटत जातं. वेग प्रकाशाच्या 99.98 टक्के असेल, तर त्या द्रव्याच्या घड्याळातले साडेपाच तास आपल्याकडे दोनशे सेकंदांत उरकतात.

अशा झोतांतले काही रेडिओ ठिपके प्रकाशाहून वेगाने सरकल्यासारखेही दिसतात. 1938 साली कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी शशिकुमार चित्रे यांच्यासह 1979 मध्ये त्यावर निराळी कल्पना मांडली : मधल्या दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं ती हालचाल फुगवून दाखवत असेल. पुढे झोताचंच स्पष्टीकरण रुजलं. तरीही सापेक्षतेला धक्का न लावता कोडं उलगडण्याची ती जिद्द मला फार मोलाची वाटते.

मात्र दोनशे सेकंदांच्या भडक्याला लागणारा 99.98 टक्के इतका वेग बहुतेक झोतांमध्ये आढळत नाही. कदाचित झोताच्या आत चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळतात आणि त्या झटक्यात छोटे, आणखी वेगवान झोत सुटतात. असे भडके टिपायला आता लडाखमधल्या हानलेत भाभा अणुसंशोधन केंद्राची 21 मीटर व्यासाची मेस दुर्बीणही उभी आहे.